जमीन सुटते तेव्हा

आमचे ओतूर हे विमानाशी फारसा संबंध नसलेले गाव. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मांडवी नदीच्या काठी ते वसले आहे. नदीकाठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी पाहायला लोटणारी गर्दी सोडली, तर कांद्याचा भाव, टोमॅटोवरचा रोग, एस. टी.ची वेळ आणि पाऊस हेच आमच्या बोलण्याचे विषय. तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आले, ही कथा मात्र आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या विमानाला परतीचे तिकीट नव्हते, ही गोष्ट मी लहानपणीच मनाशी हेरून ठेवली होती!

कबूल करायला संकोच वाटतो, पण करतोच. वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटेपर्यंत मी विमानात पाऊल ठेवले नव्हते. योग आले नाहीत असे नव्हे. दिल्लीच्या चर्चासत्राचे बोलावणे आले, तेव्हा "रेल्वेतून देश दिसतो हो!" असे म्हणून मी दोन रात्री डब्यात काढल्या. कोलकात्याचे आमंत्रण आले, तेव्हा नेमका माझा गुडघा दुखू लागला. आमच्या सौभाग्यवतींना त्या गुडघ्याचे रहस्य माहीत होते, पण चारचौघांत त्यांनी ते कधी फोडले नाही.

इथवर हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पण एक प्रसंग असा घडला की त्यानंतर माझे मला हसू येईना. माझी धाकटी बहीण जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वी तिचे पहिले बाळंतपण अर्ध्यावरच मोडले. त्या परक्या मुलखात ती आणि तिचा नवरा, दोघेच. आईने जायची तयारी दाखवली. तिला एकटीला एवढा प्रवास झेपणार नव्हता आणि सोबत जायला मी होतो. मी काय केले? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे केले. "परीक्षेचे काम आहे, रजा मिळत नाही," असे फोनवर सांगितले. "असू दे दादा," एवढेच ती म्हणाली. त्या "असू दे"चा काटा पुढे तीन वर्षे मनात रुतून राहिला होता.

म्हणून २०२५ साली तिला पुन्हा दिवस गेल्याचे कळले, तेव्हा मी कोणी विचारण्याच्या आतच म्हणालो, "आईला घेऊन मी येतो." मे महिन्यात तिकिटे काढली. शेवटचा श्रावणी सोमवार आटोपल्याशिवाय गाव सोडायचे नाही, एवढीच आईची अट होती.

आणि १२ जूनला अहमदाबादची बातमी आली.

लंडनला निघालेले ते बोइंग ७८७ जातीचे विमान उड्डाण करताच काही क्षणांत कोसळले. विमानातील २४२ माणसांपैकी एकच वाचला, आणि खाली जमिनीवर असलेली १९ माणसेही मृत्युमुखी पडली. त्या रात्री मी जेवलो नाही. मोबाइलवर तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा पाहत बसलो. पहाटे सौभाग्यवतींना उठवून म्हणालो, "तिकिटे रद्द करू या." त्या काहीच बोलल्या नाहीत. पलीकडच्या खोलीतून आईचाच आवाज आला, "चहा टाक गं. आज याला मी सांगते."

आईने पाहिलेले विमान

आईचे माहेर जुन्नर तालुक्याच्या डोंगराळ भागातले. १९६२ साली ती आठ वर्षांची होती. त्या वर्षीच्या ऐन पावसाळ्यात "डोंगरावर इमान पडलं" अशी हाक उठली. पोरीबाळींना घराबाहेर पडू दिले नाही. गावातली बापई माणसे घोंगड्या पांघरून चिखल तुडवीत वर गेली, त्यांत माझे आजोबाही होते. ते परत आले तेव्हा भिजून चिंब झाले होते. त्यांनी भाकरीला हात लावला नाही आणि वर काय पाहिले ते जन्मभर कोणाला सांगितले नाही. त्या दिवाळीत मात्र त्यांनी आजीला एक जास्तीची पणती मागितली आणि डोंगराच्या दिशेने तोंड करून ती उंबऱ्याबाहेर ठेवली. आईने लग्न होऊन ओतुरास आल्यावरही तो परिपाठ मोडला नाही. आमच्या घरी दिवाळीत पश्चिमेच्या भिंतीवर एक पणती एकटीच का असते, हे मला त्या पहाटे प्रथम कळले.

"कुठली कुठली माणसं," आई म्हणाली, "आपल्या डोंगरात येऊन गेली. त्यांच्या आयांना त्या डोंगराचं नाव तरी कळलं असेल का रे?" आणि मग थोडे थांबून, "पण म्हणून कोणाच्या लेकी माहेराला यायच्या थांबल्या का? तुला यायचं नसलं तर राहा. मी जाणार."

ती दुर्घटना म्हणजे नुसती ऐकीव कथा नव्हे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र नुकतीच उलटली असताना इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान या भागात आदळले. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे टप्पे घेत ते मुंबईला उतरणार होते आणि पुढे रोमला जाणार होते. विमानातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. चौकशीत निघालेले कारण अगदी साधे आणि म्हणूनच चटका लावणारे होते. विमानात बिघाड नव्हता. वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकला. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत अशा समजुतीने त्याने विमान वेळेआधीच खाली आणले. मुंबईचा विमानतळ अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता, आणि मध्ये आमचा सह्याद्री उभा होता. अंधारात, पावसाळी हवेत तो त्याला दिसला नाही.

चूक एकदाची, धडा कायमचा

आईने मला लाजवले खरे, पण लाजेने भीती जात नाही. ती फक्त गप्प बसते. तेव्हा मी ठरवले की ज्या गोष्टीची भीती वाटते तिची आधी ओळख करून घ्यायची. माझा एक जुना विद्यार्थी विमानदुरुस्तीच्या खात्यात आहे. वर्गात तो मागच्या बाकावर बसून झोपा काढीत असे. आता त्याच्यापुढे मी वही घेऊन बसलो.

"सर, तुमच्या डोंगरावरच्या अपघातासारखे अपघात एके काळी पुष्कळ व्हायचे," तो म्हणाला. "विमान धडधाकट, वैमानिक शुद्धीवर, आणि तरी सरळ डोंगरात. आता तसं होणं फार दुर्मीळ झालंय."

ते कसे, याची कथा मोठी बोधप्रद आहे. डोनाल्ड बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने अशा अपघातांचा ध्यास घेतला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमीन जवळ येऊ लागताच वैमानिकाला सावध करणारे यंत्र तयार केले. १९७४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान असेच डोंगरावर आदळल्यानंतर तिथे ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. पुढे १९९०च्या दशकात त्या यंत्राच्या पोटात साऱ्या जगाच्या डोंगरदऱ्यांचा नकाशाच भरण्यात आला. आता पुढे डोंगर असेल, तर तो दिसो वा न दिसो, यंत्र आधीच ओरडून वैमानिकाला वर उचलायला सांगते. आपल्या देशातले उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ माणसे गेली. त्यानंतर समोरच्या विमानाची सूचना देणारे यंत्र आपल्याकडे आवश्यक ठरले.

विमानविद्येचा हा गुण मला शिक्षक म्हणून फार भावला. इथे चुकीवर पांघरूण घालून चालत नाही. राखेतून, मोडक्या तुकड्यांतून कारण शोधायचे आणि ते जगभर सर्वांना शिकवायचे. आमच्या डोंगरावर गेलेले ते ९४ जीव परत येणार नाहीत, पण त्यांच्यासारख्यांच्या मरणातून पुढच्या लक्षावधींना सावधगिरी मिळाली आहे. २०१७ साली तर जगभरात प्रवासी जेट विमानांच्या नियमित उड्डाणांत एकही प्राणघातक अपघात झाला नाही. याउलट आपल्या देशातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. आणि मी? माळशेज घाटाच्या वळणावर, एका हाताने मोबाइल कानाला लावलेल्या चालकाच्या मागे बसून खुशाल घोरत असे!

भीती आकडे वाचत नाही

आता तुम्ही म्हणाल, एवढे आकडे कळल्यावर प्राध्यापकमहाशयांची भीती पळाली असेल. छे! आकडे पटतात ते बुद्धीला, आणि भीतीचे घर असते पोटात. मग मी आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली नाही की औषध दिले नाही, फक्त एक प्रश्न विचारला, "तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटते?"

मी गोंधळलो. विचार केला तेव्हा ध्यानात आले की मला एकच एक भीती वाटत नव्हती. दार बंद झाले की उतरता येणार नाही, ही एक. सुकाणू दुसऱ्याच्या हाती आणि तो दुसरा दिसतही नाही, ही दुसरी. कसला आवाज कशाचा ते कळत नाही, ही तिसरी. आणि आपण घाबरलो तर चारचौघांत शोभा होईल, ही चौथी. ती बहुधा सर्वांत मोठी होती.

डॉक्टर म्हणाले, "भीती ही घरातल्या राखणदार कुत्र्यासारखी असते. चोरावर भुंकते आणि पोस्टमनवरही भुंकते. धोका खरा की खोटा हे ठरवण्याआधीच शरीर तयारीला लागतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, श्वास उथळ होतो. हे अपायकारक नाही, फक्त अप्रिय आहे. लाट चढते तशी थोड्या वेळाने उतरतेही. पण दर वेळी तुम्ही ती उतरण्यापूर्वीच पळ काढलात. त्यामुळे मनानं धडा घेतला की पळालो म्हणून वाचलो. तुमची भीती तुमच्या त्या गुडघ्यानंच पोसली आहे!"

गुडघ्याची बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली हे मी विचारले नाही.

त्यांनी दोन उपाय सांगितले. पहिला श्वासाचा: चार अंक मोजत श्वास घ्यायचा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडायचा. सोडणे लांबले की शरीर हळूहळू निवळते. दुसरा सवयीचा: एकदम नऊ तासांच्या प्रवासाला न जाता आधी लहान उडी मारून पाहायची. शिवाय एक ताकीद दिली की धीर यावा म्हणून मद्य घ्यायचे नाही आणि शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळीही घ्यायची नाही. ज्यांचा त्रास याहून अधिक असेल त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, पायरीपायरीने ही भीती घालवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे, असेही ते म्हणाले.

रंगीत तालीम

जुलैमध्ये पुण्याहून नागपूरला एका सभेसाठी जायचे होते. मी विमानाचे तिकीट काढले. विद्यार्थ्याने आवाजांची यादी लिहून दिली होती, ती खिशात होती. एखाद्या नाटकाच्या संहितेप्रमाणे मी ती समोर धरून बसलो.

जमीन सुटली. पोटात खड्डा पडला. थोड्याच वेळात खालून 'धप्प' असा आवाज. यादीत पाहिले: 'चाके पोटात घेतली.' मग यंत्रांचा आवाज एकदम उतरला आणि विमान खाली चालले आहे असे वाटले. यादी म्हणाली: 'उड्डाणापुरता लागणारा जोर कमी केला, विमान अजून वरच चढत आहे, फसवणूक कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची.' 'टिंग' अशी घंटा झाली आणि मी दचकलो. यादी: 'कर्मचारी एकमेकांना बोलावतात. बहुधा चहासाठी.'

मग ढग आले आणि विमान थरथरू लागले. खडकाळ वाटेवर बैलगाडीने हिसके द्यावेत तसे हिसके बसत होते. इथे विद्यार्थ्याने ठळक अक्षरांत लिहिले होते: 'सर, गाडीला खाचखळगे लागले म्हणून गाडी रस्त्यातून खाली पडत नाही. हवा ही पोकळी नव्हे. वेगाने जाणाऱ्या विमानाला ती पाण्यासारखी भरीव असते. शेकडो फूट कोसळलो असे वाटते, तेव्हा बहुधा थोड्याच फुटांचा फरक पडलेला असतो.' खिडकीतून पंख हलताना दिसला. तो हलण्यासाठीच घडवलेला असतो. बोइंग ७८७च्या चाचणीत २०१० साली, उड्डाणात येऊ शकेल अशा सर्वाधिक भाराच्या दीडपट भार देऊन पंख सुमारे पंचवीस फूट वर वाकवला गेला होता. हिसक्यांत इजा होते ती पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधलेला असावा, हा सोन्यासारखा नियम आहे.

'आणि यंत्रे बंद पडली तर?' असा प्रश्नही मी विचारून ठेवला होता. त्याचे उत्तर यादीच्या पाठीमागे होते. दोन यंत्रांचे विमान एकावरही उडते व उतरते. दोन्ही बंद पडली तरी ते दगडासारखे पडत नाही, घारीसारखे तरंगत खाली येते. पस्तीस हजार फुटांवरून साधारण दीडशे किलोमीटर जाऊ शकते. २००१च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरावर एका एअरबसचे इंधन संपले. ३०६ माणसांना घेऊन ती सुमारे १९ मिनिटे नुसती तरंगत गेली आणि अझोर्स बेटांवर उतरली. सारे वाचले.

नागपूरला उतरलो तेव्हा सदरा घामाने ओला होता. पण मी उतरलो होतो! परतीच्या प्रवासात सदऱ्याची फक्त पाठ ओली झाली. भीती उतरते ती अशी, हप्त्याहप्त्याने.

आई आणि खिडकी

श्रावणातला शेवटचा सोमवार आटोपून आम्ही निघालो. माळशेज घाटात धुके होते, दरडीचे भय होते. या खेपेस तिथे मी जागा राहिलो आणि चालकाला मोबाइल खाली ठेवायला लावला. विमानतळावर आईने नऊवारीचा पदर खोचून तपासणी करून घेतली. आत गेल्यावर मी एक काम केले. जागा दाखवणाऱ्या हवाई सुंदरीला हळूच सांगितले की मला थोडी भीती वाटते. चारचौघांतल्या शोभेची ती चौथी भीती तिथेच निम्मी झाली. ती मुलगी हसली नाही. "पुष्कळांना वाटते," म्हणाली, आणि रात्रभरात दोनदा येऊन विचारपूस करून गेली.

जमीन सुटली तेव्हा मी चार मोजून श्वास घेत होतो आणि सहा मोजून सोडत होतो. आई खिडकीला नाक लावून बसली होती. खाली मुंबईचे दिवे. "देवदिवाळीच म्हणायची," ती पुटपुटली. मग दिवे संपले. मध्यरात्री केव्हातरी विमान चांगलेच हलू लागले. माझी बोटे खुर्चीच्या हातावर आवळली गेली. आईने तिचा हात माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "तुझ्या यादीत काय लिहिलंय?"

"बैलगाडी," मी म्हणालो.

"मग झालं तर," असे म्हणून ती झोपली. मी झोपलो नाही. पण पळालोही नाही, आणि पळावेसे वाटण्याची लाट चढून उतरली हे मी जागेपणी पाहिले. एवढे पुरे होते.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर बहीण आठव्या महिन्याचे पोट सांभाळीत उभी होती. आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, आलास!" तीन वर्षांपूर्वीच्या "असू दे"चा काटा तिथे निघाला.

मी दहा दिवसांनी परत आलो, एकटाच. माझी खरी परीक्षा तीच होती, कारण हातावर ठेवायला आईचा हात नव्हता. भीती आली होती. तिला मी शेजारच्या खुर्चीवर बसू दिले. सुकाणू मात्र तिच्या हाती दिले नाही. वाचकहो, माझ्यासारखे कोणी तुमच्यात असेल, तर त्याला एवढेच सांगेन की भीती संपण्याची वाट पाहत घरी बसू नका. ती संपून मग प्रवास होत नसतो. प्रवास करता करता ती थकते.

परतताना मुंबईजवळ विमान वळून खाली येऊ लागले, तेव्हा मी खिडकीतून आमचे डोंगर दिसतात का ते पाहत होतो. खाली नुसते ढग होते. घरी पोचल्यावर आईचा फोन आला. "डोंगर दिसले का रे?"

"नाही, ढग होते."

"हात जोडलेस ना?"

"जोडले."

पुढे महिन्याभरात भाचीचा जन्म झाला. आई आता नातीला न्हाऊमाखू घालण्यात गुंतली आहे, ती दिवाळीनंतरच येईल. पश्चिमेच्या भिंतीवरची ती पणती यंदा मला लावायची आहे. तेल जरा जास्त घाल, असे आईने बजावले आहे. रात्री उशिरापर्यंत विमाने जातात म्हणे, आमच्या डोंगरावरून.